शेंदराच्या आतली सोंड

वर्तमानपत्राच्या दिल्लीच्या कचेरीतून माझी बनारसला बदली झाली, तेव्हा मी दूधविनायक मोहल्ल्यात खोली शोधत होतो. एका मराठी घराचा पत्ता मिळाला. दार उघडणाऱ्या गृहस्थांनी कुठून आलात असे विचारले. मी म्हणालो, "राजधानीतून."

"राजधानीत आलात," ते म्हणाले. "राजधानी ही. दिल्लीत नुसत्या कचेऱ्या आहेत."

आपण काही गमतीचे बोललो असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नव्हते. मागून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "अहो, आधी आत तर येऊ द्या. किराएदार आहेत ते, विद्यार्थी नाहीत."

वरच्या मजल्यावरची खोली मला मिळाली. त्या घरात मी बरीच वर्षे राहिलो.

मोहल्ला त्यांना गुरुजी म्हणत असे आणि त्यांच्या पत्नीला मराठी घरांत काकू, बाहेर अम्मा. गुरुजी एका शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाले होते. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना देवदर्शन घडवणे हे त्यांचे घराण्याचे काम, तेही ते करत. आजूबाजूच्या मराठी कुटुंबांना आपले पूर्वज काशीत कधी आले हे विचारले की पेशव्यांचा हवाला मिळे. गुरुजी म्हणत, "कोकणातून आले. कधी ते माहीत नाही." त्यावर कोणी आग्रह धरला तर म्हणत, "माहीत नाही याला पर्यायी उत्तर नसतं."

त्यांच्याशी साधे बोलणे अवघड होते. चहा झाला का, असे विचारले तर "एक झाला" असे उत्तर येई. तब्येत बरी ना, यावर "उजवा गुडघा सोडून." एका लग्नात नवऱ्या मुलाच्या वडिलांनी हौसेने विचारले, "काय गुरुजी, मंत्र कसे वाटले?" गुरुजींनी कुठल्या मंत्रात कुठला उच्चार चुकला ते सगळे सांगितले. पंगत मांडलेली होती. नवऱ्या मुलाचे वडील हातात वाढप्याचा गमछा घेऊन ऐकत उभे राहिले. काकू मला म्हणाल्या होत्या, "ह्यांना काही विचारायचं तर टाइम असेल तेव्हाच विचारावं. आणि उत्तर पचत असेल तर."

हो आणि नाही हे दोन शब्द ते फार जपून वापरत. होकार देण्याआधी थांबत. त्या थांबण्याला मोहल्ल्यात सगळे हसत, पण दोन भावांत भिंतीवरून वाद झाला की त्यांनाच बोलावणे येई. गुरुजी बोलले म्हणजे ते तसेच आहे, याबद्दल कोणाला शंका नसे. काकूंनाही नसे.

दुर्गाघाटाकडून आणि ब्रह्माघाटाकडून वर येणाऱ्या गल्ल्या जिथे मिळत, तिथे एक चौक होता. शहरातल्या मोठ्या, प्रसिद्ध चौकाशी त्याचा संबंध नव्हता, पण आमच्या भागाचा मुख्य चौक तोच. मधोमध दगडी काठाची विहीर. समोर जुन्या धर्मशाळेचा ओटा आणि तिच्या भिंतीत कोनाड्यातली देवी. पलीकडे नगारखान्याची कमान, तिच्यावर नगारा कोणी ऐकलेला नव्हता. पिंपळाखाली भैरव. आणि पानाच्या टपरीला लागून, गुडघ्याएवढ्या चौथऱ्यावर, शेंदराने माखलेला गणपती. याशिवाय पायऱ्यांत, खांबांत, गटाराच्या कडेला छोटी छोटी लिंगे. इतिहासाच्या पुस्तकांत यातले काही नव्हते. चौकातल्या लोकांना मात्र याशिवाय पत्ता सांगता येत नसे.

गुरुजी धोतरावर कॅनव्हासचे बूट घालत. चपला चोरीला जातात म्हणून नाडीचे बूट. प्रत्येक देवापुढे थांबून नाडी सोडायची, बूट काढायचे, नमस्कार करायचा, बूट घालायचे, नाडी बांधायची. चौक ओलांडायला दुसऱ्याला लागे त्याच्या कितीतरी पट वेळ त्यांना लागे. यात्रेकरू कंटाळून विहिरीच्या काठावर बसत. पानवाला टपरीतून ओरडे, "का गुरुजी, एक्के बेर खोल के सबके हाथ जोड़ लेता!"

"सगळ्यांना मिळून एक नमस्कार म्हणजे कोणालाच नाही," असे गुरुजी हिंदीत समजावत.

गणपतीकडे काकू रोज सकाळी जात. त्यांच्या सासूबाई जात असत, म्हणून त्या जात. दूर्वा वाहून थोडा वेळ उभ्या राहत. ओठ हलताना दिसत. त्यांना मूलबाळ नव्हते, माहेर ग्वाल्हेरला होते आणि तिथे आता कोणी उरले नव्हते. घरात जे बोलले की त्याची छाननी होई, ते त्या तिथे बोलत असाव्यात. पानवाला विचारी, "अम्मा, आज केकर शिकायत?"

"तुम्हारी. चूना बहुत लगाते हो."

एका वर्षी त्या गणपतीचे शेंदराचे कवच आपोआप सुटून पडले. वर्षानुवर्षांचे थर जड झाले की असे होते. ते गंगेत सोडतात आणि मूळ दगडावर पुन्हा शेंदूर चढवतात. ही गोष्ट मी तिथे राहायला येण्याआधीची. पहाटेची वेळ होती, चौकात फक्त गुरुजी आणि काकू होते. आतली मूर्ती त्या दोघांनी पाहिली. सोंड मुळापासून तुटलेली होती. कधी तुटली ते कळायला मार्ग नव्हता. दोघांनी तेल आणि शेंदूर चढवला. नंतर थर वाढत गेले, चांदीचे डोळे पुन्हा बसवले गेले, आणि बाहेरून सोंडेचा आकार आधीसारखा दिसू लागला. गुरुजींनी त्यानंतर त्या एका गणपतीपुढे मात्र बूट काढणे थांबवले. भग्न मूर्तीत देवत्व राहत नाही असे शास्त्र आहे, असे त्यांनी काकूंना सांगितले होते. काकू दूर्वा वाहत राहिल्या. त्यावरून दोघांत भांडण झाले नाही. जीर्णोद्धार करायला हवा, असे गुरुजी दर चतुर्थीला म्हणत.

मग चौक मोठा करण्याची योजना आली. गल्ल्या रुंद होणार होत्या, यात्रेकरूंना उभे राहायला जागा होणार होती. सरकारी कचेरीतून एक तरुण इंजिनिअर आला. तो नम्र होता. त्याने चौकात लोकांना सांगितले की जी देवळे पूजेत आहेत ती जागच्या जागी राहतील. बाकीची हलवली जातील. कुठले कुठे मोडते हे सांगायला मोहल्ल्यातला एक जाणकार हवा होता. सगळ्यांनी गुरुजींचे नाव घेतले. पानवाला म्हणाला, "इनसे पूछिए साहब. ई अपने बाप के लिए भी झूठ नहीं बोलेंगे."

मी बातमीसाठी बरोबर होतो. इंजिनिअरच्या हातात टॅब होता. कोनाड्यातल्या देवीपाशी त्याने विचारले, "ये पूजा में है?"

गुरुजींनी बूट काढले, नमस्कार केला, बूट घातले. "है."

पायरीतल्या लिंगापाशी त्यांनी हात लावून पाहिला. लिंग खालच्या बैठकीत हलत होते. "इसमें नहीं है."

"मतलब, नहीं?"

"स्थान से छूट गया है. शास्त्र के अनुसार अभी इसमें देवता नहीं. इसलिए यहीं पर विधि करके फिर से..."

"वो आगे देख लेंगे, गुरुजी." त्याने टॅबवर 'नहीं'वर बोट टेकवले आणि तो पुढे निघाला.

गुरुजींच्या दृष्टीने त्यांचे वाक्य अर्धे झाले होते. जीर्णोद्धाराच्या विधीची सुरुवातच इथून होते: या मूर्तीतून देव निघून गेला आहे असे आधी मान्य करायचे, ती विसर्जित करायची, आणि त्याच जागी नवी बसवायची. जागा कायम राहते. देव नाही म्हणणे म्हणजे तिथे देव आणण्याचे पहिले पाऊल. काशीत पोथीवर वाढलेल्या माणसाला यात दुसरा अर्थ दिसणे शक्य नव्हते. त्यांनी भैरवाला नाही म्हटले, कारण जवळून पाहिल्यावर त्याचा हात झिजून गेलेला निघाला. कमानीतल्या दोन देवतांना नाही म्हटले. देवीचे मात्र त्यांनी परत जाऊन पाहिले, पायाच्या अंगठ्याचा टवका उडालेला निघाला, आणि त्यांनी इंजिनिअरला हाक मारून आपला आधीचा होकार मागे घेतला.

शेवटी सगळे गणपतीपाशी आले. चांदीचे डोळे चमकत होते. सकाळच्या दूर्वा होत्या. इंजिनिअर हसून म्हणाला, "ये तो पक्का है न?"

गुरुजी उभे राहिले. पानवाल्याने काताचा चमचा भांड्यात ठेवला. इंजिनिअरचे बोट टॅबवर आधीच टेकत आले होते.

"अंदर से खंडित है," गुरुजी म्हणाले. "सूँड टूटी है."

"दिखता तो नहीं."

"दिखता नहीं. है."

"का गुरुजी!" पानवाला टपरीतून उतरला. "भगवान के इहाँ पटवारी हउवा का? एक ठो हाँ बोल देबा त का चल जाई?"

"बाकी सब को नहीं कहा," गुरुजी म्हणाले, "और अपनेवाले को हाँ?"

संध्याकाळी त्यांनी हे काकूंना स्वतःच सांगितले. मी खाली पाणी घ्यायला गेलो होतो. काकूंनी पोळी तव्यावरून काढली आणि गॅस बंद केला.

"आत काय आहे ते तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

"विचारलं होतं."

"बाहेरून नीट होता ना?"

"बाहेरचा तो शेंदूर आहे."

"मी त्याच्याशीच बोलते," काकू म्हणाल्या. उरलेल्या कणकेवर त्यांनी ताट झाकले. त्या रात्री त्या घरात कोणी जेवले नाही.

गुरुजी मात्र निश्चिंत होते. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी पाथरवटाकडे नवी मूर्ती सांगितली, त्याच मापाची. ती आली तेव्हा शास्त्राप्रमाणे तिला तांदळात ठेवले. प्रतिष्ठेआधी मूर्ती काही काळ धान्यात ठेवतात. स्वयंपाकघरातला मोठा डबा त्यासाठी रिकामा करून घेतला. काकू रोजचे तांदूळ पिशवीतून काढू लागल्या. गुरुजी मुहूर्त पाहत होते आणि कचेरीत जाऊन विधीला कधी बोलावणार असे विचारत होते. तिथे त्यांना खुर्ची आणि चहा मिळे. चहा झाला का, असे विचारले तर ते आता कितवा ते सांगत नसत.

चौक पाडला तेव्हा कामगारांनी सगळ्या मूर्ती काळजीपूर्वक उचलल्या, कापडात गुंडाळल्या आणि गाडीवर ठेवून नेल्या. कोणी वाईट वागले नाही. गणपती उचलताना शेंदराचे कवच फुटले आणि आतला दगड सगळ्यांना दिसला. गुरुजी खरे बोलले होते. जमलेल्या लोकांपैकी कोणीही ते मोठ्याने म्हटले नाही. विहीर बुजवली. पिंपळ गेला. धर्मशाळा आणि कमान दोन्ही गेल्या, कारण त्यांना वाचवणारा पूजेतला देव त्यांच्यात नव्हता, म्हणजे टॅबवर नव्हता. पानवाला पाटी घेऊन गल्लीच्या तोंडाशी बसू लागला. त्याने गुरुजींशी बोलणे सोडले.

नवा चौक तयार झाला. गुळगुळीत फरशी, बाकडी, दिव्यांचे खांब, कुंडीतली झाडे. पहिल्या दिवशी गुरुजींनी तो ओलांडला तेव्हा मी मागे होतो. ते कुठेही थांबले नाहीत. थांबायला कारण नव्हते. पलीकडच्या टोकाला पोचल्यावर त्यांनी मागे वळून पाहिले. एवढ्या लवकर आपण तिथे कसे आलो हे त्यांना समजलेले दिसत नव्हते.

पुढे मोहल्ल्यातल्या मराठी घरांनी सह्या करून अर्ज दिला. निदान गणपती तरी बसवू द्या. तोच इंजिनिअर परवानगी घेऊन आला. त्याने त्यासाठी वरिष्ठांकडे खेटे घातले होते असे नंतर कळले. "एक छोटा चबूतरा बनेगा, गुरुजी. जहाँ था, ठीक वहीं. बस जगह दिखा दीजिए. आज ही निशान लगा देते हैं."

काकू, मी, शेजारची चार माणसे आणि इंजिनिअर चौकात गेलो. गुरुजी पुढे चालले. फरशीच्या मध्यावर ते थांबले, दोन पावले मागे आले, डावीकडे वळले.

"देवीच्या उजव्या हाताला," ते स्वतःशी म्हणाले. "देवी धर्मशाळेच्या भिंतीत. धर्मशाळा विहिरीसमोर." त्यांनी विहीर शोधायला मान वळवली. "विहिरीवर पिंपळाची सावली दुपारी..."

 प्रत्येक वस्तूची जागा त्यांना दुसऱ्या वस्तूवरून माहीत होती, आणि त्यांच्यापैकी एकही उरलेली नव्हती. इंजिनिअरने टॅबवर जुना नकाशा उघडला. त्यावर पूजेत असलेल्या देवळांच्या खुणा केलेल्या होत्या. या चौकात खूण नव्हती.

मग काकू चालत गेल्या, दिव्याच्या एका खांबापासून थोड्या अंतरावर थांबल्या आणि वाकून फरशीवर तळहात ठेवला. "इथे होता."

"खात्री आहे?" गुरुजींनी विचारले.

"आहे."

"कशावरून?"

"मी रोज येत होते."

"कशावरून, ते सांग."

काकूंनी तळहात फरशीवरून उचलला नाही. इंजिनिअर म्हणाला, "अम्मा कह रही हैं तो यही मान लेते हैं. क्यों गुरुजी? आप भी कह दीजिए, मैं लिख लेता हूँ."

शेजारचे एकजण हळूच म्हणाले, "म्हणा ना गुरुजी. हातभर इकडेतिकडे झालं तर कोण विचारतंय?"

गुरुजींनी फरशीकडे पाहिले, खांबाकडे पाहिले. काकू अजून वाकलेल्या होत्या. "मुझे नहीं मालूम," गुरुजी म्हणाले. "ग़लत जगह बैठेगा तो वह भी पत्थर ही रहेगा."

इंजिनिअरने बराच वेळ वाट पाहिली. दुसरा कोणी म्हातारा माणूस सांगू शकेल का, असे विचारले. पानवाल्याला बोलावले तर तो आला नाही. परवानगीची मुदत संपली आणि तिथे चौकाची माहिती देणारा फलक बसवला गेला. फलकावरच्या चित्रात विहीर आहे.

त्यानंतर काकूंनी एका सकाळी डब्यातून मूर्ती काढली, तांदूळ झटकले आणि तिला घरातल्या देव्हाऱ्यात ठेवले. गुरुजी शेजारीच पूजा करत. ते सगळ्या देवांना फूल वाहत आणि त्या मूर्तीला ओलांडून पुढच्या देवाकडे जात, कारण तिची प्रतिष्ठा झालेली नव्हती. काकू तेवढ्या एका मूर्तीला दूर्वा वाहत. एकाच देव्हाऱ्यापुढे दोघे खांद्याला खांदा लावून बसत आणि एकमेकांच्या देवांकडे पाहत नसत.

थंडीत काकूंना न्यूमोनिया झाला. आठवडाभर त्या उठू शकल्या नाहीत. एका सकाळी मी औषध घेऊन खाली गेलो, तर त्या खाटेवरून सांगत होत्या, "त्याला दूर्वा वाहा आज. मी पडलेली आहे."

गुरुजींनी दूर्वा निवडल्या, धुतल्या आणि त्या मूर्तीवर ठेवल्या. मी त्यांना त्या मूर्तीला हात लावताना पहिल्यांदा पाहिले.

"आहे ना हो तो तिथे?" काकूंनी विचारले.

यावेळी ते थांबले नाहीत. "हो," म्हणाले.

काकूंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्याला इतकी वर्षे ज्या माणसाचा शब्द पुरत होता तो माणूस खोटे बोलला, हे त्यांना कळले होते. "तेव्हा म्हणायचं होतंत," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केले.

त्या बऱ्या झाल्या. हिंडूफिरू लागल्यावर त्यांनी मूर्ती देव्हाऱ्यातून काढली आणि परत तांदळात ठेवली. झाकण घट्ट बसत नव्हते, त्यावर वरवंटा ठेवला. गुरुजींनी कारण विचारले नाही.

गुरुजी आता यात्रेकरू घेत नाहीत. दुपारी चौकातल्या एका बाकड्यावर बसतात. धोतर, जानवे, कपाळावर गंध. पर्यटकांना ते आवडतात. मधल्या काळात मी कचेरीजवळ राहायला गेलो होतो. बनारस सोडण्याआधी त्यांना शेवटचे भेटायला गेलो तेव्हा एक गाइड वीसेक लोकांना फलकापाशी उभे करून माहिती देत होता. इथे सोन्याचे शिखर होते, काशीचे राजे रोज पहाटे इथे अभिषेकाला येत, खालून गंगेपर्यंत भुयार आहे. लोकांना पटत नाही असे दिसले की तो बाकड्याकडे वळे.

"क्यों गुरुजी, शिखर सोने का था न?"

"हाँ."

"राजा आते थे?"

"हाँ."

"और सुरंग?"

"हाँ."

लोक फोटो काढून पुढे गेले. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि काकू कशा आहेत असे विचारले. "हो," ते म्हणाले. मी पुन्हा विचारले. त्यांनी मान हलवली आणि तोच शब्द पुन्हा उच्चारला.